एआयसाठी बँकेचा डेटा आधी साफ करायचा की करता करता?

रात्रीची_बॅच: आमच्याकडे वरून फर्मान आलंय, सहा महिन्यांत एआय. माझं म्हणणं, आधी डेटा सरळ करा. परवा कर्जाच्या मॉडेलसाठी डेटा काढला तर ढीगभर ग्राहकांची जन्मतारीख ०१/०१/१९००. सव्वाशे वर्षांचे म्हातारे आणि हप्ते एकदम वेळेवर! मायग्रेशनच्या वेळी, म्हणजे जुन्या सिस्टिममधला डेटा नवीनमध्ये नेताना, नवीन सिस्टिमला रिकामी तारीख चालत नव्हती, कोणीतरी ही टाकून दिली आणि सुटला. मॉडेल काय शिकणार, वय शंभरीपार असेल तर बिनधास्त कर्ज द्या.

करून_बघ: मग बसा साफ करत, रिटायर व्हाल. बासेल समितीने, म्हणजे बँकांसाठी आंतरराष्ट्रीय नियम ठरवणाऱ्या समितीने, जोखमीचा डेटा कसा गोळा करायचा आणि कळवायचा याची तत्त्वं (बीसीबीएस २३९) २०१३ मध्ये काढली, जगातल्या सगळ्यात मोठ्या बँकांना जानेवारी २०१६ ची मुदत होती, आणि २०२३ च्या आढाव्यात ३१ पैकी फक्त २ बँका सगळ्या तत्त्वांत बसल्या. आणि काय हो, ते म्हातारे सापडले कधी? मॉडेलसाठी डेटा काढला तेव्हाच ना?

रात्रीची_बॅच: ते सापडले कारण डोळ्यात खुपत होते. जे खुपत नाही त्याचं काय?

काउंटरवाली: त्याचं मी सांगते. कर्ज अर्जात 'उद्देश' म्हणून एक खाना आहे, चाळीस पर्याय, पहिलाच 'इतर'. समोर रांग लागलेली, आम्ही 'इतर' मारून पुढे जातो, सगळेच. खाना रिकामा नाही, कोड बरोबर, तुमच्या सगळ्या चेकमधून पास. फक्त खोटं आहे. आता कुठलं टूल साफ करणार ते?

करून_बघ: हे मात्र मान्य ताई. म्हणून तर म्हणतोय एकच काम धरा, फ्रॉड पकडायचं. वेळ, रक्कम, खातं सगळं सिस्टिम लिहिते, हाताने कोणी भरत नाही.

रात्रीची_बॅच: आणि हा फ्रॉड होता हे कोण लिहितं? ग्राहकाने तक्रार केली तर, नाहीतर तो व्यवहार आपल्या लेखी चांगलाच. शिवाय आमचं कोअर, म्हणजे खाती सांभाळणारी मुख्य सिस्टिम, अजून मेनफ्रेम या मोठ्या कॉम्प्युटरवर, कोबोल या जुन्या भाषेत. तिथला डेटा वेअरहाऊसला, म्हणजे मॉडेल जिथून डेटा घेतं त्या साठ्यात, पोचतो रात्रीच्या बॅचने, दिवसभराचा एकदम. चोर पैसे घेऊन गेला की सकाळी मॉडेल सांगणार, चोरी झाली बरं का!

नियमवाला: एक भर घालतो. युरोपियन युनियनच्या २०२४ च्या एआय कायद्यात माणसाची पत ठरवणारं एआय हाय रिस्कमध्ये, म्हणजे कडक नियमांच्या गटात आहे, फ्रॉड पकडणारं त्यातून वगळलंय. त्यामुळे फ्रॉडपासून सुरुवात वाईट नाही, पण कर्जाकडे वळलात की डेटा कुठून आला, मध्ये कोणी काय बदललं हे दाखवावं लागेल. तुमच्या १९०० ची नोंद आहे का कुठे?

रात्रीची_बॅच: ज्याने टाकली तो कधीच सोडून गेला. नोंद कसली.

काउंटरवाली: ते तुम्ही शोधा. माझं एवढंच, तो 'इतर' पहिल्या नंबरवरून खाली ढकला. त्याला काही सहा महिने लागत नाहीत.

रात्रीची_बॅच: चेंज रिक्वेस्ट टाकलीये मॅडम. कमिटी पुढच्या तिमाहीत बसते.