आयपॅड सोडून बाकीचे टॅब्लेटवाले नक्की करतायत काय?

टिकोजीराव (डिसेंबर २०११)

मंडळी, एचपीने आत्ताच जाहीर केलं की त्यांची वेबओएस ही ओएस (म्हणजे मशीन चालवणारी मूळ प्रणाली) ओपन सोर्स करणार, कोड सगळ्यांना खुला. जिन्यात जुनं कपाट ठेवतात ना, ज्याला हवं त्याने न्या, त्यातलाच प्रकार. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये ह्याच एचपीने वेबओएस बनवणारी पाम कंपनी घ्यायला १२० कोटी डॉलर मोजायचं ठरवलं होतं. मग वेबओएसवाला टचपॅड टॅब्लेट यंदा १ जुलैला बाजारात आला आणि १८ ऑगस्टला बंद. एवढ्या दिवसांत आमच्या सोसायटीची गणपतीची वर्गणी पण गोळा होत नाही. तिकडे ब्लॅकबेरीवाल्या रिमने आपल्या प्लेबुक टॅब्लेटच्या पडून राहिलेल्या मालापायी ४८.५ कोटी डॉलरचा फटका वहीत लिहून टाकला.

जो तो म्हणतो ही ओएसची लढाई आहे, अ‍ॅपलची आयओएस विरुद्ध गूगलचं अँड्रॉइड विरुद्ध वेबओएस वगैरे. मला नाही पटत. वेबओएस चांगली होती राव, उघडलेली अ‍ॅप्स पत्त्यांसारखी मांडायची आणि नको ते वर भिरकवायचं, हे बाकी कुणाकडे इतकं सोपं नव्हतं. खरा घोळ किमतीचा. पीसीच्या काळात मॅक महाग आणि बाकीचे स्वस्त असायचे. आता आयपॅड ४९९ डॉलरपासून आणि मोटोरोलाचा अँड्रॉइडवाला झूम आला तो ७९९ला! अ‍ॅपलची चिप स्वतःच्या डिझाइनची, दुकानं स्वतःची, वर प्रत्येक विकलेल्या अ‍ॅपमागे ३० टक्के. मोटोरोलाला अ‍ॅपमागे काय मिळतं? घंटा. नुसता डबा विकून पोट भरणाऱ्याने ह्यांच्याशी लढायचं कसं सांगा.

आगाऊ_कार्टं

असहमत. २००८ला अँड्रॉइडचा पहिला फोन आला तेव्हापण लोक असेच हसले होते, आयफोनपुढे हे काय टिकणार म्हणून, आणि आज बघा अँड्रॉइडचे फोन जास्त खपतायत. टॅब्लेटमध्ये पण तेच होणार, जरा दम धरा. एकीकडे एक कंपनी आणि दुसरीकडे सॅमसंग, असूस, एसर, तोशिबा, लेनोवो सगळे, कुणीतरी बरोबर निशाणा साधेलच ना. असूसचा ट्रान्सफॉर्मर बघा, ३९९ डॉलरला दहा इंची आणि वेगळे पैसे देऊन कीबोर्ड जोडला की लॅपटॉप. किंमत किंमत म्हणताय तर ही घ्या किंमत.

टॅब्लेटसाठीचं अँड्रॉइड, हनीकोंब, घाईत काढलं हे मान्य. पण आता त्यापुढचं अँड्रॉइड, आइस्क्रीम सँडविच, आलंय, फोन आणि टॅब्लेट दोन्हीला एकच.

टिकोजीराव

@आगाऊ_कार्टं, फोनचं गणित इथे लावू नकोस. अमेरिकेत फोन लोक दुकानात थोडेच घेतात, सिमवाली कंपनी दोन वर्षांचा करार करून २०० डॉलरला, नाहीतर फुकटच हातात देते. तिथे आयफोन सगळ्यांकडे नव्हता आणि अँड्रॉइड सगळ्यांकडे होतं, त्या फटीतून ते वाढलं. टॅब्लेटला असलं कोण देतंय? गिऱ्हाईक स्वतःच्या खिशातनं पैसे काढतं, आणि तसे काढताना माणूस दहादा विचार करतो.

आणि 'घाईत' म्हणजे किती घाईत? हनीकोंबवाला झूम विकायला आला तेव्हा मेमरी कार्डाची खाच होती पण चालत नव्हती, वेबवरचे व्हिडिओ दाखवणारं फ्लॅश मिळणार होतं पण नंतर, फोरजी हवं तर मशीन कंपनीला पोस्टाने परत पाठवा. नवरदेव बोहल्यावर आणि अंगरखा शिंप्याकडे.

सनीव्हेलची_सुमा

आमच्याकडे असे दोन टॅब्लेट आहेत म्हणून बोलते. नवऱ्याने ऑगस्टच्या सेलमध्ये ९९ डॉलरला टचपॅड पटकावला, रात्रभर जागून, पोराच्या अ‍ॅडमिशनला एवढा जागला नव्हता. आणि आता मी अ‍ॅमेझॉनचं २०० डॉलरचं किंडल फायर घेतलंय. टिकोजीराव, तुमचा मुद्दा बरोबर आहे पण तुम्ही अर्ध्यातच थांबलात. डबा विकून पोट भरत नाही हे अ‍ॅमेझॉनला आधीच कळलंय. उघडून बघणारे म्हणतात ते मशीन बनवायलाच दोनशेच्या आसपास जातात, म्हणजे सुटत काहीच नाही. पण एकदा हातात आलं की पुस्तकं त्यांची, सिनेमे त्यांचे, गाणी त्यांची. आवळा देऊन कोहळा. मी पहिल्या आठवड्यातच ४० डॉलरची पुस्तकं घेतली, तेव्हा लाज वाटून थांबले.

आणि गंमत म्हणजे आत अँड्रॉइडच आहे, पण गूगलचं नाव कुठे दिसणार नाही. गूगलचं अ‍ॅपचं दुकान 'मार्केट' नाही, जीमेलचं अ‍ॅप नाही, दुकान सगळं अ‍ॅमेझॉनचं. अँड्रॉइड जिंकलं असं म्हणायचं तर जिंकलं कोण? गूगलने बी पेरलं आणि कापणी शेजाऱ्याची.

आगाऊ_कार्टं

सुमाताई, त्यालाच तर ओपन म्हणतात ना!

कोपऱ्यातला

ओपन? हनीकोंबचा सोर्स कोड गूगलने आठ-नऊ महिने दाबून ठेवला होता, आत्ता नोव्हेंबरमध्ये सोडला, तोही आइस्क्रीम सँडविचबरोबर. ज्या छोट्या कंपन्यांना गूगलने जवळ केलं नाही त्यांनी काय करायचं? फोनचं अँड्रॉइड २.२ किंवा २.३ सात इंची पाटीवर ताणून बसवायचं. सॅमसंगचा पहिला गॅलक्सी टॅब आला तेव्हा तर गूगलचेच लोक सांगत होते की २.२ टॅब्लेटसाठी बनवलेलं नाही. तरी बाजारात जा, रांगेने तेच मांडलंय. आता गूगल खुद्द मोटोरोलाच विकत घेतंय १,२५० कोटी डॉलरला. मी सॅमसंगचा मालक असतो तर रात्री झोप लागली नसती. ज्याच्याकडून पीठ घ्यायचं त्यानेच समोर भाकरीचं दुकान टाकायचं म्हणजे.

शेंगदाणा_चटणी

सॅमसंगला झोप यायची चिंता करू नका, ते सगळीकडून कमावतात. आयपॅडमधली ए४ आणि ए५ चिप बनवतं कोण? सॅमसंगच. एकीकडे अ‍ॅपलला चिप द्यायची, दुसरीकडे कोर्टात भांडायचं. जर्मनीत अ‍ॅपलने गॅलक्सी टॅब १०.१ वर बंदी आणली तर ह्यांनी कडेची पट्टी बदलून १०.१एन नावाने परत आणला. आणि मार्चमध्ये आयपॅड २ आला तो ८.८ मिलिमीटर जाडीचा, तर ह्यांनी आधी दाखवलेला टॅब मोडून परत केला आणि ८.६ वर आणला. ही जिद्द बाकी कुणाकडे नाही. माझे पैसे सॅमसंगवर. ओएस कुठलीही येऊ दे, पडदा, मेमरी, चिप घरची आहे, किमतीत अ‍ॅपलला हेच घाम फोडतील.

टिकोजीराव

हा मुद्दा मात्र मला सुचला नव्हता, मानलं. घरचे सुटे भाग असलेला एवढाच एक दिसतोय. पण मग आगाऊने मोजलेल्या कंपन्यांतली एकच उरली की.

मिरजकर_मास्तर

तुम्ही सगळे ४९९ आणि ७९९ डॉलर करताय, इथे भारतात आयपॅड २ साडेएकोणतीस हजारापासून सुरू होतो. आमच्या शाळेतल्या पोरांच्या घरी एवढ्यात म्हैस येते (बरी म्हैस नाही येत आता, तीही महागली). त्यामुळे 'आकाश' ह्या सरकारी स्वस्त टॅब्लेटबद्दल कुणी बोलत नाही ह्याचं आश्चर्य वाटतं. ५ ऑक्टोबरला दिल्लीत केंद्रीय मंत्री कपिल सिब्बलांनी दाखवला, सरकारला २,२७६ रुपयांना पडतो म्हणे. योगायोग बघा, तिकडे अ‍ॅपलचे स्टीव्ह जॉब्स गेले तो दिवसही ५ ऑक्टोबरच.

कोपऱ्यातला

मास्तर, तुमच्याबद्दल आदर आहे पण आकाश म्हणजे नाव सोनूबाई हाती कथलाचा वाळा. ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम आणि पडदा रेझिस्टिव्ह, म्हणजे बोट फिरवून भागत नाही, दाबायला लागतं. पोरगं दोन दिवसांत कंटाळून बाजूला ठेवेल. सिंप्यूटर आठवतोय का? बेंगळुरूचा तो स्वस्त छोटा संगणक, तेव्हाही पेपरात कसली हवा होती. कुणाच्या घरात बघितलाय?

मिरजकर_मास्तर

अहो, कंटाळायला आधी हातात तर येऊ दे. पाटी-पेन्सिल पण दाबूनच लिहायची असते. तुम्ही आकाशची तुलना आयपॅडशी करताय, मी शून्याशी करतोय. माझी शंका वेगळीच आहे, त्यात घालून देणार काय? पाठ्यपुस्तकं मराठीत नसतील तर पोरं गेमच खेळणार.

शेंगदाणा_चटणी

मराठीचं काढलंत ते बरं केलंत. अँड्रॉइड २.२ला देवनागरी येतच नाही, सगळे चौकोन दिसतात. आकाशवर तेच २.२ आहे. कंपनीने आपण होऊन काही केलं असेल तरच.

टिकोजीराव

ऑपेरा मिनी ब्राउझर टाका, त्याच्या कॉन्फिगमध्ये जाऊन बिटमॅप फाँटवाला पर्याय चालू करा, मराठी साइट दिसतात. अक्षर म्हणजे चित्रच येतं, म्हणून हळू चालतं, पण वाचता येतं.

वडिलांचा_मुलगा

धागा भरकटवतोय, माफ करा. बाबा रिटायर झालेत, त्यांना मराठी पेपर आणि फोटो बघायचेत, कॉन्फिगबिन्फिग जमणार नाही. बजेट तीस हजार पण कमी लागले तर आनंदच. प्लेबुक आता साडेतेरा हजाराच्या आसपास मिळतंय, घेऊ का?

कोपऱ्यातला

ब्लॅकबेरी फोन आहे का त्यांच्याकडे? नसेल तर साधं ईमेलचं अ‍ॅपसुद्धा नाही त्यात, ब्राउझरमधून बघा म्हणतात. ब्लॅकबेरीवाल्यांनी ईमेल विसरावं!

आगाऊ_कार्टं

थोडं थांबा, आइस्क्रीम सँडविचवाले स्वस्त टॅब येतीलच पुढच्या वर्षी.

सनीव्हेलची_सुमा

वडिलांना थांबायला सांगू नये. आयपॅड २ घ्या, मराठी नीट दिसतं, वेलांट्या जागेवर. माझ्या सासूबाई वापरतात, मला एक प्रश्न विचारत नाहीत.

इकडे नवऱ्याने त्या टचपॅडवर सायनोजेनमॉड (हौशी लोकांनी बदललेलं अँड्रॉइड) टाकलंय, म्हणजे एचपीच्या मशीनवर गूगलचं अँड्रॉइड २.३. तीन रविवार गेले त्यात. मग मराठीसाठी फाँट पण बदलला, आता चौकोन गेले पण 'किती' लिहिलं की पहिली वेलांटी क-च्या पलीकडे जाऊन बसते. तरी रोज उघडून बघतो, आज सरकली का म्हणून.