बारा दिवसांत कोदाय 'बघून' काय कळतं?

लयवेडी
परवा कुणीतरी लिहिलं की संगीत शिक्षकांचे युरोपचे अभ्यासदौरे म्हणजे नुसती सहल, स्वर हाताने दाखवायच्या हस्तमुद्रा तर व्हिडिओवरून दहा मिनिटांत शिकता येतात. दोन दिवस गप्प बसले, आता राहवत नाही. मी जाऊन आलेय, हंगेरी-ऑस्ट्रिया-स्वित्झर्लंड, बारा दिवस. हंगेरीतल्या केचकेमेतला, म्हणजे गाण्यातून संगीत शिकवायची पद्धत ज्याच्या नावाने चालते त्या संगीतकार झोल्तान कोदायच्या जन्मगावी, जिथे १९५० साली पहिली गायनप्रधान प्राथमिक शाळा निघाली, तिथे दुसरीच्या वर्गात मागे बसले होते. बाईंनी ट्यूनिंग फोर्क गुडघ्यावर आपटला, कानाशी धरला, सूर गुणगुणल्या, बस. पियानोचं झाकण बंदच. पोरं गात असताना मध्येच त्यांनी मूठ मिटली, सगळे गप्प, गाणं फक्त मनात चालू. मूठ उघडली आणि अख्ख्या वर्गाने एकाच शब्दावर सूर पकडला, जराही न उतरता! व्हिडिओत मूठ दिसेल हो, पण मूठ मिटायच्या आधी बाई एका डळमळणाऱ्या मुलाकडे बघत थांबल्या होत्या, त्याचा सूर बसेपर्यंत. ते मला तिथे बसून दिसलं.

मात्रा१६
ताई, तुम्ही पीक बघून आलात, नांगरणी नाही. त्या गायनशाळा रोजच्या संगीताच्या तासावर उभ्या राहिल्या. आठवड्याला एक तास मिळणाऱ्या शिक्षकाने परत येऊन मूठ मिटली तर नुसती शांतता होईल. आणि हस्तमुद्रा मुळात हंगेरीच्या नाहीतच, इंग्लंडच्या जॉन कर्वेनच्या, एकोणिसाव्या शतकातल्या. आमच्या दौऱ्यात साल्झबुर्गच्या ऑर्फ इन्स्टिट्यूटला (जर्मन संगीतकार कार्ल ऑर्फच्या नावाची संगीतशिक्षणाची संस्था) अर्धा दिवस आणि दुकानांना अख्खा दिवस होता, ते आठवलं की अजून चिडचिड होते.

सुरपेटी
एवढं लांब जायचंच कशाला? कोदायवाल्यांचा सरकता 'दो', म्हणजे पट्टीप्रमाणे जागा बदलणारा, तो आपला षड्जच. कुठल्याही पट्टीत सा लावा, झालं.

जुनी_शिक्षिका
नाही, अजिबात नाही! हे वाक्य ऐकून ऐकून कान किटलेत. आपला सा हा कायम आधारस्वर. त्यांच्याकडे मायनर, म्हणजे कोमल गंधाराच्या सप्तकातलं, गाणं 'ला'वर येऊन थांबतं, तिथे दो हा आधार नसतोच. हे न समजता शिकवणारे पोरांचा घोळ करतात, मी अशी पोरं निस्तरलीत.

सुरपेटी
मेजरमध्ये, म्हणजे शुद्ध गंधाराच्या सप्तकात, तरी सारखं आहे ना? उगाच बारकावे काढून लोकांना घाबरवू नका.

जुनी_शिक्षिका
बारकावे नाहीत, पाया आहे. आणि जिनिव्हाला जाऊन तुमचा सरकता दो गाऊन बघा. तिथे दालक्रोझ या स्विस संगीतशिक्षकाच्या परंपरेत दो म्हणजे कायम सी (C), पट्टी कुठलीही असो. मी डी मेजरची (आधारस्वर डी, त्यांच्या नावाने रे) ओळ बिनधास्त दो-रे-मी म्हणून गायले, बाई थांबल्या, शांतपणे म्हणाल्या, रे-मी-फा. वर्गातल्या दहा वर्षांच्या मुलांनी वळून बघितलं. वीस वर्षं शिकवत होते मी, कानशिलं गरम झाली. पण त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की नाव स्वराच्या जागेला द्यायचं की त्याच्या नात्याला, हा निर्णय आधी घ्यावा लागतो. पुस्तकात दहादा वाचलं होतं.

मात्रा१६
म्हणजे चूक करायला परदेशात जायचं? ती घरी बसूनही करता येते.

जुनी_शिक्षिका
घरी चूक करून कोणी थांबवत नाही, तिथे लगेच थांबवलं. तुम्ही मुद्दा सोडून माणसावर येताय.

लयवेडी
दोघं जरा थांबा. मात्रा१६, रोजच्या तासाचं तुमचं म्हणणं खरं आहे, नाइलाजाने मानते. मीही परत आल्यावर सगळं एकदम करायला गेले आणि महिनाभर नुसता गोंधळ झाला. मग फक्त सो-मी ठेवलं, दोन स्वर, त्यांची सुरुवातही तिथूनच असते. ऑर्फच्या झायलोफोनवरून 'फा' आणि 'ती' या स्वरांच्या पट्ट्या काढून ठेवतात ना, म्हणजे मुलाने कुठेही वाजवलं तरी खटकत नाही, तसं मी गाण्यातून स्वर काढले.

मात्रा१६
हे पटलं. पण मग दौऱ्यात तीन देश नकोत. एकच शाळा, एकच वर्ग, दहा दिवस रोज. तसा दौरा काढला तर मी पहिला पैसे भरीन.

सुरपेटी
मायनरमध्ये 'ला' आधार, हे मी तपासून बघितलं. बरोबर आहे. तरी मेजरमध्ये सारखंच आहे, ते मी सोडणार नाही.