'ओपन द लाइट' सुधारायचं की सोडून द्यायचं?

वेलदोडा

सिंगापुरात चीनहून कामासाठी आलेल्या प्रौढांचा एक इंग्रजीचा वर्ग मी हौसेने घेते. कुणी खाणावळीत आचारी, कुणी इस्पितळात नर्स, कुणी बसचालक. या सगळ्यांना हटकून अडकवणारा शब्द कुठला, तर ओपन.

कारण त्यांच्या 'खाय' या क्रियापदात आहे. (रोमन लिपीत 'के' लिहितात म्हणून आपण 'काई' वाचतो, पण उच्चार आपल्या ख चा आहे.) दार उघडणं खाय, दिवा लावणं खाय, गाडी चालवणं खाय, बैठक घेणं खाय, फूल उमलणंही खाय. डॉक्टर औषध लिहून देतो तेही खाय. ऑपरेशनला म्हणतात 'खाय ताव', शब्दशः सुरी उघडणं. उकळलेलं पाणी 'खाय श्वे'. आणि शाळेत पाठ केलेल्या यादीत ओपनसमोर हेच 'खाय' लिहिलेलं. मग मंडळी 'ओपन द लाइट' म्हणणार, आणि झोपताना 'क्लोज द लाइट'.

माझं मत असं, की 'ओपन द लाइट'च्या मागे लागू नये. इथले जुने दुकानदार तसंच बोलतात. फिलिपिन्सहून आलेल्या बायकाही बोलतात, कारण त्यांच्या टागालोग भाषेतही दिवा 'उघडतात'. ऐकणाऱ्याला कळतं, दिवा लागतो, विषय संपला.

माझा जीव खालीवर होतो तो वेगळ्याच वाक्यांनी. 'वुई ओपन्ड अ मीटिंग ॲट थ्री.' व्याकरण चोख. बोलणाऱ्याला सांगायचंय की तीनला बैठक होती आणि ती झाली. ऐकणारा समजतो, तीनला सुरू झाली, अजून चालू असेल. किंवा वॉर्डात कुणी म्हणालं, 'डॉक्टर ओपन्ड मेडिसिन फॉर हिम', तर औषध लिहून दिलं की पाकीट फोडून दिलंसुद्धा? चूक आहे हे कुणाला दिसतच नाही, म्हणून कुणी टोकत नाही. शिकवणाऱ्याने आपला वेळ इथे घालवावा. तुम्हाला काय वाटतं?

छडी_लागे

ताई, धागा आवडला, मत अजिबात पटलं नाही. तीस-पस्तीस वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झालो आहे, त्यामुळे खडूस वाटलो तर वाटू द्या.

'कळतं ना, मग झालं' हा नियम बाजारात ठीक आहे, वर्गात नाही. तुमच्याच सिंगापूरने 2000 साली 'स्पीक गुड इंग्लिश' ही चळवळ सुरू केली, पंतप्रधान गोह चोक तोंग यांच्या काळात. तिथल्या लोकांना आपलं घरगुती इंग्रजी आवडत नव्हतं असं नाही, पण बाहेरच्या जगाशी व्यवहार अडेल ही सरकारला भीती होती. तिथे जन्मलेल्याला दोन्ही बोलता येतात: घरी एक, मुलाखतीत दुसरं. तुमच्या नर्सकडे एकच आहे. तेच तुम्ही अर्धवट ठेवलंत तर ती बदलणार कुठे? शेजारच्या काकूंना जे शोभतं ते परदेशातून आलेल्या कामगाराच्या तोंडी 'अशिक्षित' ठरतं. अन्याय आहे, मान्य. पण तो तिच्या पगारावर होणार आहे, तुमच्या नाही.

मधली_आळी

गुरुजी, 'अर्धवट' कुणाचं? आधी आपल्या पायाखाली बघू. 'दार लाव' म्हटलं की दार बंद होतं, 'दिवा लाव' म्हटलं की दिवा सुरू होतो. एकाच क्रियापदाने एक गोष्ट मिटते, दुसरी पेटते. शिवाय चष्मा लावतो, भात लावतो, कामाला लावतो. आपल्याला त्यात काहीच विचित्र वाटत नाही. मग चिनी माणसाच्या 'खाय'ला का हसायचं?

आणि 'ऑन द लाइट', 'ऑफ द फॅन' हेसुद्धा सिंगापुरात सर्रास चालतं. आपण घरात 'फॅन ऑफ कर' म्हणतो त्याचंच भावंड. इंग्रजी ज्याच्या तोंडी जातं त्याचं होतं. 'ॲड ऑइल' हे चिनी 'च्या यौ'चं सरळ भाषांतर, म्हणजे 'लढ बाप्पू!' 2018 मध्ये ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशात त्याची नोंद झाली. उद्या 'ओपन द लाइट'लाही घेतील.

छडी_लागे

कोशात नोंद होणं म्हणजे शिफारस नव्हे. कोशात शिव्याही असतात.

पूडाँगचा_पाहुणा

मी काही वर्षं शांघायला कारखान्याच्या सुट्या भागांच्या धंद्यात होतो. 'ओपन्ड अ मीटिंग' मी सोसलं आहे. तिथल्या सहकाऱ्याची मेल आली, 'वुई हॅव ओपन्ड द मीटिंग अबाउट द प्राइस'. मी धावतपळत फोन लावला, म्हटलं मलाही जोडून घ्या. बैठक आदल्या दिवशीच आटोपली होती आणि भाव ठरला होता. तेव्हा वेलदोडाताईंच्या मुख्य मुद्द्याला +1.

पण दोष माणसांवर ढकलू नका. चीनमध्ये 2001 पासून साधारण तिसरीपासून इंग्रजी असतं. विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेत, म्हणजे काव-खाव मध्ये, बहुतेक प्रांतांत 750 पैकी 150 गुण इंग्रजीचे. त्यासाठी साधारण साडेतीन हजार शब्दांची यादी मुलं घोकतात: डावीकडे इंग्रजी, उजवीकडे चिनी. एका शब्दाला एक-दोन प्रतिशब्द, पुढे चला. याद्या वर्णानुक्रमे असल्यामुळे बऱ्याच पुस्तकांत सुरुवातीलाच 'अबँडन' (सोडून देणं) भेटतो, आणि तिथला सगळ्यांना ठाऊक असलेला विनोद म्हणजे पोरं पहिला शब्द शिकतात आणि लगेच आचरणात आणतात. असल्या यादीतून ओपनचा अर्थ शिकलेल्या माणसाने ते सगळ्या 'खाय'वर चिकटवलं तर तो हुशारच म्हणायचा. हाताशी होतं त्यावरून नियम काढला.

अवांतर: 'खाय श्वे'चं भाषांतर 'ओपन वॉटर' केलेल्या पाट्या मी डोळ्यांनी पाहिल्या आहेत. आगगाडीच्या डब्यात, स्टेशनवर उकळत्या पाण्याचा नळ असतोच, लोक थर्मास घेऊन आणि नूडल्सचे डबे घेऊन रांगेत. त्यावर 'ओपन वॉटर' वाचलं की परदेशी पाहुणा पोहायची जागा शोधतो. 2017 च्या डिसेंबरपासून सार्वजनिक पाट्यांच्या इंग्रजीसाठी त्यांनी राष्ट्रीय मानकच लागू केलं.

खडीसाखर

पोहायची जागा :-D

बांबूचं_बेट

पुण्यात मँडरिन, म्हणजे प्रमाण चिनी, शिकवते, त्यामुळे हा गोंधळ उलट्या बाजूने रोज बघते. दोन्ही पक्ष दिव्यावरच अडकलेत. ओपनमधला खरा खड्डा मला दुसरीकडे दिसतो.

दुकानाच्या दारावरची पाटी आठवा. एका बाजूला 'ओपन', दुसऱ्या बाजूला 'क्लोज्ड'. एकाला शेपूट आहे, दुसऱ्याला नाही. ओपन हे विशेषणही आहे आणि क्रियापदही. क्लोजचं तसं नाही. विशेषण म्हणून 'क्लोज'चा अर्थ जवळचा. चिनीत क्रियापदाला काळाची किंवा वचनाची शेपटं लागतच नाहीत, त्यामुळे विद्यार्थी दोन्हीकडे सारखंच करतो: एक तर 'द शॉप इज ओपन्ड', नाहीतर 'द शॉप इज क्लोज'. काव-खावच्या पेपरात व्याकरणाच्या गाळलेल्या जागा असतात, तिथे असल्याच गोष्टींनी गुण जातात.

दुसरं म्हणजे माणसाला लावलेलं ओपन. 1978 नंतरचं धोरण 'काय-क खाय-फांग', त्याचं अधिकृत इंग्रजी 'रिफॉर्म अँड ओपनिंग अप'. तिथे 'खाय-फांग' मोठा मानाचा शब्द. पण एखादी बाई 'फार खाय-फांग' आहे म्हटलं तर सूर कुजबुजीचा होतो, तिच्या पुरुषांशी असलेल्या संबंधांबद्दल. इंग्रजीत कुणी कौतुकाने 'यू आर सो ओपन' म्हणालं की चिनी मुलगी गोरीमोरी होते. हे कुठल्या व्याकरणाच्या पुस्तकात शिकवतात? वेलदोडा, तुमच्या 'दिसत नाही अशा चुका' या यादीत हे घाला.

दिव्याबद्दल मी गुरुजींच्या बाजूने, पण छडीशिवाय. नियम फार लागत नाहीत, जोड्या शिकवा. ज्याचं उलट 'शट' आहे ते ओपन: दार, खिडकी, डबा, डोळे. ज्याचं उलट 'ऑफ' आहे ते ऑन: दिवा, पंखा, टीव्ही. चिनीत दोन्हींना 'खाय' आणि 'क्वान' ही एकच जोडी आहे, इंग्रजीत तिच्या दोन झाल्या, एवढंच सांगायचं.

वेलदोडा

बांबूताई, जोड्यांची युक्ती उचलली. 'यू आर सो ओपन'चं तर माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

गुरुजी, पगाराचा मुद्दा झोंबला, पण हिशेब मांडते. आठवड्याला एक वर्ग, लोक बारा तासांची पाळी करून येतात. तेवढ्या वेळात दिवाही सुधारू आणि 'डॉक्टर ओपन्ड मेडिसिन'ही, असं होत नाही. दर वाक्याला टोकलं की बोलणंच बंद होतं, मग सुधारायला उरतं काय? मी निवड करते, आणि दिवा शेवटी ठेवते.

छडी_लागे

शेवटी ठेवा, हरकत नाही. 'सुधारत नाही' आणि 'शेवटी सुधारते' यात फरक आहे, आणि धाग्यात तुम्ही पहिलं लिहिलंत. मुलाखतीला निघालेल्या नर्सच्या बाबतीत मात्र दिवा पहिला. मतभेद कायम.

पूडाँगचा_पाहुणा

बांबूताई, तुमच्या जोड्यांत लॅपटॉप कुठे? झाकण उघडलं तर ओपन, बटण दाबलं तर ऑन. नळालाही 'टर्न ऑन' आणि 'ओपन' दोन्ही चालतं.

बांबूचं_बेट

नळ दोन्हीकडे ठेवा, मारामारी नको. खाणावळीतल्या आचाऱ्यांना मात्र गॅसचं नीट सांगा: सिलिंडरचा व्हॉल्व्ह ओपन, शेगडी ऑन. बंद करतानाही दोन वेगळे शब्द, व्हॉल्व्ह 'क्लोज', शेगडी 'ऑफ'. 'क्लोज द गॅस' एवढंच म्हटलं तर दोन्हींतलं काय बंद केलं ते कळत नाही.