ओठाची सूज उतरत नाही, गेल्या वर्षी तोंडही वाकडं झालेलं, कोणाला अनुभव आहे का?

देवगडचा_थोरला:
नमस्कार मंडळी, धाकट्या बहिणीबद्दल विचारायचंय, वय 24. वरचा ओठ सुजलाय, दुखत नाही, खाजत नाही, नुसता जाड आणि घट्ट, आज अकरावा दिवस तरी उतरायचं नाव नाही. दोन वर्षांत ही चौथी वेळ, आधी चार दिवसात जायची, आता मुक्काम वाढत चाललाय. इथल्या डॉक्टरांनी ॲलर्जी म्हणून गोळ्या दिल्या आणि मासे बंद केले, दीड महिना ती कुळथाच्या पिठीवर आहे आणि तिच्यासमोर नको म्हणून घरात कोणीच बांगडा आणला नाही, तरी सूज आलीच. मागच्या पावसाळ्यात एका सकाळी तिचं तोंड डावीकडून लुळं पडलेलं, चूळ भरताना पाणी ओठाच्या कोपऱ्यातून गळायचं. आजी म्हणाली वारं लागलं, महिन्याभरात बरं झालं म्हणून आम्ही विसरलो. या दोन्हीचा संबंध असेल का? लग्नाचं बघत होतो ते थांबलंय, आई रोज रडते.

खाडीपलीकडची:
दादा, वाचून अंगावर काटा आला, मी हेच काढलंय. तिला उजेडात जीभ बाहेर काढायला सांग. माझ्या जिभेवर मधोमध खोल भेग आणि तिला फुटलेल्या फांद्या, लहानपणापासूनच्या, त्यामुळे कोणी लक्षच दिलं नाही. ओठासाठी स्किनवाले, तोंड वाकडं झालं तेव्हा न्यूरोवाले, एकाचे कागद दुसऱ्याने कधी बघितलेच नाहीत. सहा वर्षांनी मुंबईत एका डॉक्टरबाईंनी तिन्ही गोष्टी एका कागदावर लिहिल्या आणि म्हणाल्या, मेल्करसन-रोझेन्थाल सिंड्रोम. ओठाचा बारीक तुकडा काढून बायोप्सी केली. मग ओठातच स्टिरॉइडची इंजेक्शनं, खूप दुखतात, खोटं सांगत नाही, पण ओठ उतरला. अधूनमधून अजून सुजतो, तेव्हा घाबरत नाही एवढंच.

दातांचा_डॉक्टर_कुडाळ:
ताईंनी बरोबर दिशा दाखवली. ॲलर्जीची अशी सूज साधारण एक ते तीन दिवसात पूर्ण उतरते, अकरा दिवस राहते आणि परत परत येते म्हणजे वेगळा विचार करायलाच हवा. ओठ आणि चेहऱ्याच्या नसेचा संबंध 1928 मध्ये मेल्करसनने मांडला, 1931 मध्ये रोझेन्थालने त्यात भेगाळ जीभ जोडली. तिन्ही एकत्र थोड्याच पेशंटमध्ये दिसतात, आणि नुसती भेगाळ जीभ असेल तर काळजी नको, ती कित्येक निरोगी माणसांना असते. ही चेहऱ्याची नस, म्हणजे सातवी नस, कानाजवळच्या हाडातल्या अरुंद बोगद्यातून येते, तिथे सूज आली की चेपते. पक्कं कारण सापडलेलं नाही, पण इम्युनिटीचा गोंधळ धरतात. बायोप्सीत ग्रॅन्युलोमा म्हणजे पेशींच्या गाठी दिसतात, तशाच आतड्याच्या क्रोन्स आजारात आणि सारकॉइडोसिस या फुफ्फुसात वगैरे गाठी करणाऱ्या आजारातही असतात, म्हणून बहिणीला पोटदुखी, जुलाब, वजन कमी होणं हे विचारा. आपल्याकडे टीबी आणि कुष्ठरोगही तपासून बाजूला काढावे लागतात. परत तोंड वाकडं झालं तर तेल चोळत बसू नका, त्याच दिवशी दाखवा, स्टिरॉइड 72 तासांच्या आत सुरू झालेलं बरं. श्वासाला त्रास झाला किंवा जीभ सुजली तर मात्र थेट इमर्जन्सी.

मालवणची_काकू:
बाळा, डोळ्याकडे बघ हो. आमच्या यजमानांचं असंच तोंड वाकडं झालेलं, झोपेत पापणी अर्धी उघडी राहायची, आम्हाला कळलंच नाही आणि बुबुळाला जखम झाली. परत असं झालं तर डॉक्टरांना विचारून दिवसा थेंब, रात्री मलम आणि वर पट्टी.

देवगडचा_थोरला:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री टॉर्च लावून बघितलं, मधोमध भेग आहे. ती म्हणते, मला वाटायचं सगळ्यांची जीभ अशीच असते. पोटाचं विचारलं तर गप्प बसली, मग आईला म्हणाली वर्षभर दुखतंय, जुलाब होतात, सांगायची लाज वाटली. मागच्या वर्षीची फाईल माळ्यावर सापडली, मोबाईलमधले सुजेचे फोटो तारखेसकट छापून आणलेत. सोमवारी पहाटेच्या एसटीने कोल्हापूरला नेतोय, काय सांगतात ते इथेच लिहितो.