घोड्याला घाबरणारा माणूस घोडदळात?

तापीकाठ: अमेरिकेच्या उत्तर-दक्षिण यादवीत (१८६१–६५) उत्तरेकडचा ग्रियर्सन नावाचा अधिकारी म्हणे घोड्यांना वचकून असायचा, तरी घोडदळात होता. आम्ही सारंगखेड्याच्या घोडेबाजारात वाढलेले लोक, आम्हाला कसं पटावं?

शहाद्याचा मास्तर: खरंय भाऊ. बेंजामिन ग्रियर्सन मूळचा संगीतशिक्षक. लहानपणी घोड्याची लाथ थेट तोंडावर बसलेली, तेव्हापासून धास्ती. पण १७ एप्रिल १८६३ ला टेनेसीतल्या ला ग्रेंजहून १७०० स्वार घेऊन निघाला, तो दक्षिणेच्या ताब्यातलं सगळं मिसिसिपी राज्य उभं चिरत २ मेला लुइझियानातल्या बॅटन रूजला, आपल्या उत्तरेच्या फौजेकडे पोचला. वाटेत शत्रूचे रेल्वेचे रूळ उखडले, तारायंत्राच्या तारा तोडल्या. मला आवडते ती चलाखी: आजारी नि थकलेले १७५ स्वार त्याने वाटेतून मागे पाठवले, की माग काढणाऱ्यांना वाटावं, आख्खी फौज परतली. दक्षिणेचं लक्ष इकडे गुंतलं, नि तिकडे उत्तरेचा सेनापती ग्रँट याला व्हिक्सबर्ग या दक्षिणेच्या नदीकाठच्या ठाण्याच्या खाली मिसिसिपी नदी ओलांडायला मोकळीक मिळाली.

घोडेवाला: साधारण ६०० मैल ना? म्हणजे रोज ६० किलोमीटर, पाठीवर खोगीर नि माणूस. पाठ सोलते, नाल झिजतात. जनावरांचं कोण लिहितं?

मास्तर: बरोबर. थकलेली टाकून वाटेतल्या शेतकऱ्यांची घोडी-खेचरं ओढून नेली त्यांनी.

धुळेकर: त्याच यादवीने अमेरिकेचा कापूस अडला आणि आपल्या खानदेशात कापसाला सोन्याचा भाव आला. १८६५ ला लढाई थांबली नि भाव आपटला.

तापीकाठ: पुढे काय झालं त्या ग्रियर्सनचं?

मास्तर: सैन्यातच राहिला. कृष्णवर्णीय सैनिकांच्या दहाव्या घोडदळाचा प्रमुख झाला. म्हणजे घोडे काही सुटले नाहीत.