हेरोडोटसच्या नावानं इतिहास मंडळ: सुरुवात कुठून करावी?

प्रश्न
नागपुरात आमच्या कॉलेजात, हेरोडोटस या प्राचीन ग्रीक इतिहासकाराच्या नावानं, ‘हेरोडोटस मंडळ’ सुरू करून राहिलो. 15 जण तयार आहेत, दर शनिवारी दीड तास. त्याच्या ग्रंथाचे नऊही भाग ओळीनं वाचायचा बेत आहे. जमेल का? शहरात फिरूनही काही करायचं आहे.

उत्तर 1
ओळीनं नको, भाऊ. दुसरा अख्खा भाग इजिप्तवर, मॅरेथॉनची लढाई थेट सहाव्यात. तोवर पंधराचे चार उरतील. तिसऱ्या भागातले परिच्छेद 94 ते 106 घ्या, मोठ्यानं वाचले तरी अर्ध्या तासात संपतात. त्यात भारत आहे: इराणच्या दरायस राजाला जाणारी 360 टॅलेंट (वजनाचं जुनं माप) सुवर्णरज, सोनं उकरणाऱ्या कोल्ह्याहून मोठ्या मुंग्या, आणि रानातल्या झाडांना लागणारी, मेंढीच्या लोकरीपेक्षा सरस लोकर. ही लोकर म्हणजे काय, ते विदर्भातल्या पोरांना सांगायची गरज नाही! उरलेला तास एकाच प्रश्नाला द्या: यातलं त्याला कोणी सांगितलं? मुंग्यांच्या गोष्टीत तो स्वतःच इराणी लोकांचा हवाला देतो.

संदर्भ देताना पान नको, भाग आणि परिच्छेद सांगा (3.102 असं). प्रत्येकाच्या हातात वेगळा अनुवाद असतो. पानं जुळत नाहीत नि पहिली पंधरा मिनिटं शोधण्यातच जातात.

उत्तर 2
फिरण्यासाठी 2.99 आधी वाचा. इथवर माझं पाहणं, माझी समज नि माझी चौकशी. इथून पुढे ऐकीव, असं तो तिथं सांगून टाकतो. तेच रजिस्टरमध्ये उतरवा. चार रकाने: पाहिलं, विचारलं, ऐकलं, आमचा अंदाज.

पहिली फेरी झिरो माइलला काढा. ‘पाहिलं’मध्ये जाईल दगड, त्यावर मैलांत कोरलेली गावांची अंतरं, चार घोडे. ‘हाच भारताचा मध्य’ हे वाक्य ‘ऐकलं’मध्ये, नुसत्या अंतरांवरून ते सिद्ध होत नाही. हमखास चूक इथंच होते: घरी गेल्यावर आठवणीतून लिहिलं की ऐकलेलं आपोआप पाहिल्याच्या रकान्यात जाऊन बसतं. म्हणून जागेवरच लिहा. सीताबर्डीचा किल्ला मात्र पहिल्या फेरीत धरू नका. तो लष्कराच्या ताब्यात आहे, रोज उघडा नसतो.

प्रश्नकर्ता
15 जण एकदम न्यायचे का?

उत्तर 2
छे! तिघांचे पाच गट करा. एक विचारेल, एक लिहील, एक फोटो नि मापं घेईल. पंधरा जणांनी वेढा घातला की सांगणारा माणूस भाषण देतो, उत्तर देत नाही. त्याचे शब्द आहेत तसेच लिहा, बोली सुधारू नका. नाव परवानगी असेल तरच. दोन गटांना वेगवेगळं ऐकायला मिळालं तर मेळ घालत बसू नका, दोन्ही नोंदवा. 7.152 मध्ये तो हेच म्हणतो: लोक सांगतात ते मी सांगायला बांधील आहे, सगळं खरं मानायला नाही.

उत्तर 3
वादविवाद हवा असेल तर थुसिडिडीस या दुसऱ्या प्राचीन ग्रीक इतिहासकाराचे 5.84 ते 116 घ्या. शरण या म्हणणारे बलाढ्य अथेन्सचे दूत आणि छोट्या मेलोस बेटाचे पुढारी यांचा संवाद नाटकासारखाच लिहिलाय. दोन बाजू वाटून द्या, मध्यांतरात बाजू बदला. बदलली नाही तर मेलोसवाले टाळ्या घेऊन जातात आणि अथेन्सचा युक्तिवाद कोणी धड वाचतच नाही.