फुकेत-फी फी : शेवटच्या दोन रात्री बेटावर काढाव्यात की विमानतळाच्या बाजूला?

सागरगोटा

दिवाळी आटोपली की थायलंडमधल्या फुकेत, फी फी, क्राबीकडे जाणाऱ्या जोडप्यांची रांग लागते. बहुतेकांची आखणी एकाच साच्यातली असते: आधी पातोंग (फुकेतचा गर्दीचा किनारा), मग फी फी, आणि फी फीहून थेट विमानतळ. माझं ठाम मत आहे की हा क्रम उलटा हवा. मुंबईहून पोचलात की आधी फी फी गाठा. शेवटच्या दोन रात्री फुकेतच्या मुख्य बेटावर काढा, आणि त्यातली निदान एक नाय यांग किंवा माय खाओला, कारण विमानतळ तिथेच उत्तर टोकाला आहे.

कारण सांगतो. फी फीवर रस्ते नाहीत, गाड्या नाहीत. हॉटेलातून टोनसायच्या धक्क्यापर्यंत सामान हातगाडीवर जातं. तिथून मोठ्या फेरीला, म्हणजे प्रवासी बोटीला, दीड ते दोन तास. उतरायचं रसादा जेट्टीला, म्हणजे फुकेत शहराच्या पूर्व अंगाला. विमानतळ तिथून साधारण ३५ किलोमीटर. रस्ता चांगला आहे, पण उत्तरेकडे जाणारी सगळी वाहनं त्याच एका मोठ्या रस्त्यावर असतात आणि थालांगच्या चौकात संध्याकाळी अडकतात. सव्वा तास धराच.

आता उलटा हिशोब करा. विमान संध्याकाळी ७ चं. काउंटरवर ४ वाजता पोचायचं. म्हणजे जेट्टीवरून पावणेतीनला निघायला हवं. दुपारची फेरी धरली तर हिशोब कोलमडतो, ११ च्या फेरीशिवाय पर्याय नाही. ११ च्या फेरीसाठी दहाला धक्क्यावर. मग तो शेवटचा दिवस बेटावर घालवला असं म्हणायचं तरी कसं? बॅगा बंद करण्यात आणि घड्याळ बघण्यात तो संपतो, आणि नवरा-बायकोची सुट्टीतली सगळ्यात मोठी कुरबूर नेमकी त्याच दिवशी होते.

निळाई

सागरगोटा, हिशोब बरोबर आहे, निष्कर्ष पटला नाही.

पंचपक्वान्नं आधी वाढून टाकायची आणि शेवटी पातोंगच्या गर्दीत पान संपवायचं, हे मला मान्य नाही. फी फीचं पाणी, चुनखडीचे ते उभे कडे, संध्याकाळी दिवसभराच्या सहलींच्या बोटी परतल्यावर मोकळा होणारा किनारा, हे सगळं पाहून फुकेतला आलं की फुकेत फिकं वाटतं. दोन दिवस तुलनेतच जातात. आधी फुकेत पाहा, ते आवडेलही. मग फी फी.

दुसरं असं की मुंबईचं विमान बहुतेक रात्रीचं घेता येतं. मग सकाळी पोहायचं, दुपारी निघायचं, वेळ उरतो.

तिसरा मुद्दा माया बेचा, म्हणजे फी फीजवळच्या प्रसिद्ध किनाऱ्याचा. २०१८ साली तो किनारा बंद केला होता, २०२२ च्या जानेवारीत पुन्हा उघडला. आता बोटी मागच्या लो समा खाडीत लागतात आणि तिथून चालत यायचं. परदेशी प्रौढांना ४०० बाट (थाई चलन) प्रवेशशुल्क आहे. पोहायला मनाई आहे, पाण्यात फक्त घोट्या-गुडघ्यापर्यंत उभं राहू देतात. अशा ठिकाणी सकाळी ११ ला शेकडो लोकांबरोबर जाण्यात काय मिळतं? फी फीवर मुक्काम असेल तर पहाटे लांबशेपटी बोट (लांब दांड्याच्या इंजिनाची लाकडी होडी) ठरवून फुकेतच्या स्पीडबोटी यायच्या आत पोचता येतं. हे निवांतपणे करायला शेवटचे दिवसच चांगले, कारण तोवर बोटीची, उन्हाची, खाण्याची सवय झालेली असते. पहिल्याच पहाटे कोण उठणार?

उधाणभरती

तुम्ही दोघंही महिना न सांगता भांडताय.

फुकेतचा पश्चिम किनारा आणि फी फी अंदमान समुद्रावर आहेत. आपल्या कोकणावर येणारे नैऋत्य मोसमी वारे तिथेही येतात. इकडे पावसाळ्यात गेटवे-मांडवा लाँच बंद ठेवतात, तशीच तिकडे मे ते ऑक्टोबर लहान बोटींची स्थिती डळमळीत असते. इशारा आला की बंदर खातं स्पीडबोटी थांबवतं. मोठ्या फेऱ्या बऱ्याचदा चालू राहतात, कारण रसादा जेट्टी आडोशाच्या पूर्व बाजूला आहे. पण चालू राहणं वेगळं आणि वेळेवर पोचणं वेगळं. या महिन्यांत सागरगोटा यांचा क्रम डोळे झाकून पाळावा. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये माया बे तर पूर्णच बंद असतो, त्यामुळे निळाईताईंचा तिसरा मुद्दा तेव्हा गळून पडतो.

डिसेंबर ते मार्च समुद्र साधारण शांत असतो. तेव्हा निळाईताई म्हणतात तसं करायला हरकत नाही, पण परतीला स्पीडबोट नको, मोठी फेरीच घ्या. स्पीडबोट तासाभरात पोचवते हे खरं, पण लाटांवर ती आपटते आणि पुढच्या भागात बसलेल्यांची पाठ धरते. गरोदर किंवा पाठदुखी असलेल्यांना ते तसंही घेत नाहीत. उलटी होणाऱ्यांनी गोळी निघण्याआधी अर्धा-एक तास घ्यावी आणि मधल्या भागात, खालच्या मजल्यावर बसावं. हलणं तिथे कमी.

आणखी एक, भरती-ओहोटी. फी फीवरच्या लो दालमच्या खाडीत ओहोटीला पाणी पार लांब जातं, गुडघाभर पाण्यात मऊ चिखल आणि खडक उरतात. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास हे फारच जाणवतं. शेवटच्या सकाळी पोहायचं ठरवून ठेवलंत आणि ओहोटी निघाली, तर बसा वाळूत. क्राबीजवळच्या रायलेला जाणाऱ्यांचंही हेच: पूर्वेकडचा किनारा ओहोटीत चिखलाचा असतो, आणि आओ नांगच्या बाजूनं लांबशेपटीत चढताना सामान खांद्यावर घेऊन पाण्यातून चालावं लागतं. चाकांची मोठी सूटकेस तिथे निव्वळ ओझं. खोली ठरवण्याआधी त्या दिवसाचं भरतीचं वेळापत्रक पाहा. कॅलेंडरातली तिथी पाहिली तरी अंदाज येतो.

दोन_टाक्या

या वादात डायव्हिंगचं कुणीच बोललं नाही, आणि क्रम खरा तिथेच ठरतो.

पाण्याखाली दाबामुळे शरीरात नायट्रोजन विरघळतो. वर आल्यावर तो हळूहळू निघून जातो, त्याला तास लागतात. विमानाच्या केबिनमधला दाब ६,००० ते ८,००० फूट उंचीवरच्या हवेएवढा असतो. उरलेला नायट्रोजन तिथे बुडबुडे धरू शकतो. सांधे ठणकणं, मुंग्या, बधिरपणा, वाईट वेळ आली तर अर्धांग. फुकेतमध्ये यावर उपचार करणारे दाबकक्ष आहेत, विमानात काहीच नाही.

डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या डायव्हिंग-सुरक्षेच्या संस्थेचा सल्ला असा: थांबे न घेता वर येता येईल अशी एकच डुबकी असेल तर विमानाआधी किमान १२ तास, अनेक डुबक्या किंवा अनेक दिवस असतील तर किमान १८ तास, आणि वर येताना थांबे घ्यावे लागले असतील तर त्याहूनही बरेच जास्त. फी फीवर विकली जाणारी सहल जवळजवळ नेहमी दोन टाक्यांची, म्हणजे दोन डुबक्यांची असते. म्हणजे १८. तिथले बहुतेक प्रशिक्षक सरळ २४ सांगतात, तेच धरा.

म्हणून डायव्हिंग करणाऱ्या जोडप्यानं बेट आधी घ्यावं. सागरगोटांना माझा पाठिंबा.

निळाई

पण दादा, १८ तास म्हणजे तर एक रात्रच. आदल्या दिवशी दुपारी ३ ला दुसरी डुबकी संपली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी ९ नंतर मोकळीक. विमान रात्रीचं. मग अडलं कुठे?

दोन_टाक्या

अडतं तारखेत. मध्यरात्रीनंतरचं विमान असलं की तिकिटावर १२ तारीख असते, वेळ ००:३०. लोक ११ ला डायव्हिंग करतात, '१२ ला निघायचंय' म्हणून. प्रत्यक्षात ११ च्याच रात्री हॉटेल सोडायचं असतं. दुपारी ३ ते रात्री साडेबारा, साडेनऊ तास झाले. हॉटेलचं बुकिंगही याच गोंधळात एक रात्र जास्तीचं होतं. तिकीट हातात आल्यावर दोघांनी मिळून 'हॉटेल सोडायची तारीख आणि वेळ' वेगळी लिहून ठेवावी. फुकेतचं घड्याळ आपल्यापुढे दीड तास आहे हेही त्यातच.

स्नॉर्केलिंगला यातलं काही लागू नाही, श्वास पृष्ठभागावरचाच असतो. एकाला डायव्हिंग हवं आणि दुसऱ्याला नको अशी जोडी असेल तर बोटीवर स्नॉर्केलिंगवाल्यांना कमी पैशांत घेतात. दिवस वेगळा काढायची गरज नाही.

पै_पै

क्रमावर भांडताय, पण मुक्काम बदलण्याची किंमत कुणी धरत नाही. एका हॉटेलातून दुसऱ्यात जायचं म्हणजे ११-१२ ला खोली सोडा, २-३ ला नवी मिळणार. प्रत्येक बदल अर्धा दिवस खातो. सहा रात्रींत तीन मुक्काम केलेत तर एक अख्खा दिवस गेला. शिवाय पातोंग ते विमानतळ गाडी सहाशे ते हजार बाट, किनाऱ्याकडून जाणारी स्मार्ट बस माणशी १०० बाट पण वेळ जास्त.

ज्यांना शेवटचा दिवस खरंच पाण्याजवळ हवा आहे त्यांनी विमानतळ असलेलंच बेट निवडावं. मलेशियातल्या लंकावीला विमानतळापासून पांताय चेनांग गाडीनं वीस मिनिटांच्या आसपास. क्वालालंपूरहून तासाभराचं विमान. थायलंडमधल्याच सामुईचा विमानतळही बेटावरच आहे, फक्त तिकडची तिकिटं महाग असतात आणि ऋतू उलटा: थायलंडच्या आखातात जोरदार पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर, नोव्हेंबर सगळ्यात वाईट. त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत सामुई नको, मे-जूनच्या सुट्टीत फुकेतपेक्षा सामुई बरं.

सागरगोटा

पै_पै, बदलाची किंमत मान्य. पण विमान चुकल्याची किंमतही मांडा. स्वस्त कंपन्यांच्या तिकिटावर प्रवासी हजर झाला नाही तर करांपलीकडे सहसा हाती काही लागत नाही, आणि त्या दिवशीच्या भावानं दोन नवी तिकिटं घ्यावी लागतात. फेरी रद्द झाली तर विम्यातून काही मिळू शकतं, पण पॉलिसीतलं 'चुकलेलं प्रस्थान' हे कलम आधी वाचा. काही पॉलिसींत ते नसतंच, काहींत ठरावीक कारणांपुरतंच असतं. आणि फेरी कंपनीकडून रद्द झाल्याची नोंद तारीख-वेळेसह लेखी घ्या, तिकिटाचा तुकडा जपा. कागद नसेल तर दाव्याला अर्थ नाही. थायलंडमध्ये राहण्याची मुदत त्याच दिवशी संपत असेल तर वर दर दिवशी ५०० बाट दंड.

निळाईताई, रात्रीच्या शांततेबद्दलही बोलायला हवं. टोनसाय-लो दालमच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत खोली घेतली तर मध्यरात्र उलटेपर्यंत किनाऱ्यावरच्या बारचं संगीत खिडकीतून येतं. परतीच्या आदल्या रात्री ते कुणाला हवं?

निळाई

म्हणून तिथे राहायचंच नाही. दक्षिणेकडे हाट याओ म्हणजे लाँग बीच, किंवा उत्तरेकडे लेम टोंग. लाँग बीचला ओहोटीतही पोहता येतं आणि संध्याकाळी समोर फी फी लेचे, म्हणजे माया बे ज्या बेटावर आहे त्याचे, कडे दिसतात. अशी शेवटची संध्याकाळ नाय यांगला मिळणार नाही, हे तुम्हीही मान्य कराल.

सागरगोटा

दृश्य मान्य. पण लाँग बीचहून टोनसायला पुन्हा लांबशेपटी लागते, साखळीत आणखी एक कडी वाढली. नाय यांगला सिरीनात राष्ट्रीय उद्यानाची सावली देणारी झाडं आहेत, उथळ पाणी आहे, साधी जेवणाची दुकानं वाळूत मांडलेली आहेत. रात्रीचं विमान असेल तर दुपारी चारपर्यंत पोहून सहाला विमानतळावर पोचता येतं. शेवटच्या दिवशी एवढा वेळ पाण्यात मिळणं माझ्या लेखी कड्यांपेक्षा मोठं आहे. आपलं यावर एकमत होणार नाही, होऊ नये असंही नाही.

मीठमाती

क्रम कुठलाही ठेवा, शेवटच्या छत्तीस तासांत चार गोष्टी सांभाळा.

खाऱ्या पाण्यातले कपडे नुसते वाळवले तर वाळतच नाहीत. मीठ हवेतला ओलावा ओढतं, म्हणून उन्हात कडक झालेला पोहण्याचा पोशाख रात्री पुन्हा दमट लागतो आणि बॅगेत वास धरतो. आधी साध्या पाण्यात दोनदा खळबळा, कोरड्या टॉवेलात गुंडाळून पिळा, मग पंख्याखाली टाका. सकाळपर्यंत वाळतो. बॅगेच्या चेनवरही ओलं फडकं फिरवा, मीठ साचलं की ती अडकते. टॉवेल-कपड्यांत राहिलेल्या ओलाव्यानं वजनही वाढतं, १५ किलोच्या मर्यादेत ते भोवतं.

पोवळ्याचे तुकडे, मोठे शिंपले उचलू नका. पोवळी आणि महाकाय शिंपले आंतरराष्ट्रीय व्यापारबंधनाखाली आहेत, आणि पोवळ्याला आपल्या १९७२ च्या वन्यजीव कायद्याचंही संरक्षण आहे. 'दुकानातून घेतलं' हे उत्तर सीमाशुल्कात चालत नाही.

एकाच दुकानात एकाच दिवशी २,००० बाट किंवा जास्त खरेदी असेल तर पासपोर्ट दाखवून करपरताव्याचा अर्ज दुकानातच भरून घ्या. विमानतळावर सामान काउंटरला देण्यापूर्वी सीमाशुल्काचा शिक्का लागतो का ते विचारा, लागत असेल तर घ्या; पैसे इमिग्रेशननंतरच्या खिडकीवर. सामान आधी देऊन टाकलंत आणि वस्तू दाखवायला सांगितली, तर परतावा गेला.

रोकड पुन्हा यंत्रातून काढू नका. परदेशी कार्डाला दर वेळी २२० बाट किंवा वर शुल्क लागतं, मग ५०० काढा की १०,०००. शेवटच्या दिवसासाठी गाडी, जेवण आणि बोट मिळून हजार-दीड हजार बाट सुट्ट्या नोटांत बाजूला ठेवा. नाणी आधी खर्चा, ती परत कुणी बदलून देत नाही.

उधाणभरती

मीठमाती, यात एक भर. शेवटच्या रात्री कच्चे कालव आणि अर्धवट भाजलेले शिंपले टाळा. त्रास व्हायचा तर काही तासांत ते दुसऱ्या दिवसापर्यंत होतो, म्हणजे नेमका फेरीत किंवा विमानात. शाकाहारी मंडळींनी थाई भाषेत 'जे' (मांस-मासे नसलेलं) म्हणावं, आणि 'माय साय नाम प्ला', म्हणजे फिश सॉस घालू नका. भाजीतही तो असतोच.